जागी होणाऱ्या बाईचा चेहरा

माझ्या आत्याने चित्रं काढणं सोडलं, त्याला कारण मी आहे. ही गोष्ट सहा वर्षं मला माहीत होती आणि तिला माहीत नव्हती. मी नेमकं काय केलं ते कळायला आधी ती काय काढत होती ते सांगावं लागेल.

आमचं घराणं बडोद्यात आलं ते संस्थानच्या फौजेबरोबर. पुढे तलवार गेली, कारकुनी आली, माझ्या वडिलांच्या पिढीत बँक आली. आत्या वडिलांची धाकटी बहीण. ती कलाशाळेत गेली तेव्हा तिथे नवं वारं होतं. मुलं कॅनव्हासवर वाळू चिकटवत होती, पत्रे ठोकत होती. मागच्या एका खोलीत जुन्या काळी विलायतेहून आणवलेले प्लास्टरचे पुतळे धूळ खात पडले होते. कोणाचं नाक गेलेलं, कोणाचा हात. आत्या रोज त्या खोलीत जाऊन बसायची आणि पेन्सिलीने ते पुतळे उतरवायची. कधी एखादा पाय आठवडाभर चालायचा.

एका शिक्षकांनी तिला सांगितलं, "बेन, हे सगळं दोनशे वर्षांपूर्वी संपलं."

ती म्हणाली, "मग तिथे आता गर्दी नसेल, सर. मला जागा मिळेल."

तिला वेड लागलं होतं ते युरोपातल्या त्या चित्रकारांचं, ज्यांनी प्राचीन ग्रीक-रोमन मूर्तींकडे बघून चित्रं काढली. स्वच्छ रेषा, शांत माणसं, दगडात कोरल्यासारख्या वस्त्रांच्या चुण्या, आणि मोठ्यातलं मोठं दुःखसुद्धा आवाज न चढवता सांगायचं. त्यांच्यात काही बायका होत्या. बायकांना उघड्या शरीराचा अभ्यास करायला बंदी, म्हणून त्या पुतळ्यांवरून शिकल्या. हे सांगताना आत्या जणू शेजारच्या सोसायटीतल्या बायकांबद्दल बोलायची. "बिचाऱ्यांना दुसरं काही मिळालंच नाही. मला मिळत होतं, तरी मी पुतळेच घेतले. माझ्याइतकी बावळट त्यांच्यात कोणी नव्हती."

लग्न तिने केलं नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, सुट्टीत स्वतःचं काम केलं. अधूनमधून व्यापाऱ्यांच्या घरून दिवंगत आईवडिलांची तैलचित्रं करायला यायची. फोटोवरून काढलेली ती म्हातारी माणसं तिच्या हातून इतकी भारदस्त व्हायची की एका घरची मंडळी चित्र बघून गोंधळली. "आ अमारी बा नथी, आ तो कोई राणी छे," असं थोरल्या मुलाने सांगितलं, म्हणजे ही आमची आई नव्हे, ही तर कोणी राणी. आत्याने चित्र परत घेतलं नाही. म्हणाली, "रोज समोर लावा. चार महिन्यांत बा वाटेल." आणि तसंच झालं, असं ती सांगायची. खरं-खोटं मला माहीत नाही.

तिच्या कामावर सगळे एकच ठपका ठेवायचे. रेषा उत्तम, चुण्या उत्तम, माणसं मात्र दगडाची. शिक्षक म्हणाले, सहकारी म्हणाले, माझे वडीलही म्हणायचे, "तुझ्या बायकांना एकदा हळदीचं दूध पाज गं, गारठल्यात." ती हसायची. पण हे तिला लागलं होतं. त्याचं उत्तर द्यायला तिने एकच चित्र हाती घेतलं, आणि त्यावर बारा वर्षं काढली.

चित्रात फौजेतल्या शिपायाची बायको आहे. नवरा पहाटे न सांगता मोहिमेवर गेला आहे. ही नुकतीच जागी होते आहे, एक कोपर जमिनीवर टेकलेलं, दुसरा हात अंथरुणाच्या रिकाम्या बाजूवर. आमच्याच घरातल्या कोणा खापरपणजीची ही हकिगत, असं आत्या म्हणे. निजलेल्या बाईसाठी तिने खंडेराव मार्केटमधल्या एका लिंबं विकणाऱ्या मावशीला गाठलं. ती दुपारी आमच्याकडे येऊन चटईवर आडवी व्हायची आणि म्हणायची, "ऊंघवानुं काम तो पहेली वार मळ्युं, बेन," झोपायचं काम पहिल्यांदाच मिळालं. पाच मिनिटांत घोरायला लागायची. आत्या तिला हाक मारून उठवायची आणि त्या क्षणी चेहरा टिपायला बघायची. पुन्हा झोपवायची, पुन्हा उठवायची.

"मला ते अर्धं पळ हवंय," ती मला सांगायची. "झोपेची ऊब अजून गालावर आहे, आणि तो गेल्याचं अजून कळलेलं नाही."

ते अर्धं पळ ती कसं आणायची, हे मला पुढे फार महागात पडलं म्हणून नीट लिहितो. आधी ती सबंध चित्र राखाडी रंगात पुरं करायची. काळा, पांढरा आणि मधल्या छटा. तेवढ्यावर बाई खरोखर पुतळ्यासारखी दिसे. मग राळ आणि जवसाच्या तेलात चिमूटभर रंग मिसळून ती पाण्यासारखा पातळ थर वरून फिरवायची. तो वाळला की दुसरा. गालावर असे तीसएक थर असतील. ती त्याला "वाफ देणं" म्हणायची. एका थराने काही दिसायचं नाही. शेवटचे थर तिने साठी उलटल्यावर दिले, आणि वरून राळेचंच वॉर्निश लावलं. सगळा जिवंतपणा त्या वाफेत होता. खाली राखाडी दगड होता.

पुढची काही वर्षं ते चित्र आमच्या वासणा भागातल्या घरात, वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत, देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीवर होतं. उदबत्ती, निरांजन, स्वयंपाकघरातून जिन्याने वर जाणारा फोडणीचा धूर. वॉर्निश पिवळं पडलं, मग तपकिरी. तिच्या डोळ्यांतही तोवर मोतीबिंदू पिकला होता.

सहा वर्षांपूर्वी एका बाईंचा फोन आला. शहरातल्या दुर्लक्षित राहिलेल्या स्त्री-चित्रकारांच्या कामांचं एक प्रदर्शन भरवायचं त्यांनी ठरवलं होतं. कोणीतरी आत्याचं नाव सांगितलं होतं. त्या तीन आठवड्यांनी घरी येऊन कामं बघणार होत्या. सत्तरी ओलांडलेल्या आत्याने त्या दिवशी दोनदा केस विंचरले.

डोळ्याचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं. नव्या डोळ्यांनी बघते, वॉर्निश कुठे काढायला हवं ते. तोवर कोणी हात लावू नका."

'कोणी' म्हणजे मी. मी नंदेसरीला एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. घरातला कुठलाही डाग हा मला माझा विषय वाटतो. फरशीवरचा गंज, कुकरचा काळेपणा, शाई, डांबर, सगळ्यावर मी बाटली घेऊन हजर. आत्या मला केमिस्टसाहेब म्हणायची. "तुझ्या बाटलीतून एखाद्या दिवशी राक्षस निघेल," म्हणायची.

ऑपरेशननंतर जिना चढायचा नाही म्हणून ती आठ दिवस खालच्या खोलीत होती. मधल्या रविवारी दुपारी मी वर गेलो. कोपऱ्यात, बाईच्या पायापाशी, कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून फिरवला. बोळा चहासारखा तपकिरी झाला आणि खाली पायाचं बोट स्वच्छ निघालं. मला फार आनंद झाला. ती वर येईल, बघेल, थक्क होईल, हे सगळं मी मनात पाहून टाकलं. वस्त्र साफ केलं, हात केले. वस्त्र पांढरंच होतं, त्याला फारशी वाफ नव्हतीच, त्यामुळे काही बिघडलं नाही, आणि मी धीट झालो.

मग चेहरा. पहिले बोळे तपकिरी आले. पुढचा गुलाबी आला. फिका, अबोलीच्या फुलासारखा. मी तो पाहिला. मी रसायनांत तीस वर्षं काढलेला माणूस आहे, मळ गुलाबी नसतो हे मला कळत होतं. पण अर्धा गाल झाला होता, अर्धा राहिला होता. मी पुढे घासत राहिलो. संपलं तेव्हा बाई राखाडी झाली होती.

बायको बाहेर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने बोळे भरलेली पिशवी पाहिली. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता खाली जा आणि आत्यांना सांग. आत्ता. जेवायच्या आधी."

"डोळ्याला ताण पडेल," मी म्हणालो.

"कानाला सांगायचंय."

मी गेलो नाही.

ते आठ दिवस सरल्यावर आत्या वर गेली. मी तिच्या मागे जिन्यात होतो. मी तिथल्या तिथे सांगणार होतो, वाक्य तयार होतं. तिने दारातून चित्राकडे पाहिलं, जवळ गेली, ऑपरेशन झालेला डोळा उघडा ठेवून दुसरा हाताने झाकला, मग उलट केलं. बराच वेळ असं चाललं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की मोतीबिंदू गेल्यावर रंग वेगळे दिसतील. पिवळेपणा जाईल, सगळं निळसर आणि थंड वाटेल.

ती पलंगावर बसली. म्हणाली, "म्हणजे हे असं होतं."

मी दाराशी येऊन उभा राहिलो.

"मी इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघत होते रे. वॉर्निश तपकिरी दिसायचं, तेही डोळ्यामुळेच. ऊब माझ्या डोळ्यात होती. चित्रात नव्हतीच."

वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं. तिला स्वतःच एक कारण सापडलं होतं, पटणारं, विज्ञानाला धरून. त्यात माझं नाव नव्हतं. मी म्हणालो, "मी वरची थोडी धूळ पुसली होती." हे खोटं मी तेव्हा बोललो. ती म्हणाली, "धुळीने काय होतंय."

प्रदर्शनवाल्या बाई आल्या. सभ्य होत्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "ड्रॉइंग विलक्षण आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "चेहरा मात्र... मावशी, राग मानू नका, प्लास्टरचा वाटतो."

"राग कसला," आत्या म्हणाली. "तसाच आहे."

त्यांनी तैलचित्रांतलं एकही नेलं नाही. विद्यार्थीदशेतलं एक रेखाटन नेलं, पुतळ्याच्या पायाचं. प्रदर्शनात ते दाराजवळ लागलं होतं. घरी येताना रिक्षात आत्या म्हणाली, "पन्नास वर्षांत एक पाऊल पुढे पडलं म्हणायचं." माझी बायको रस्त्याकडे बघत राहिली. तिने मला पुढे कधी आठवण करून दिली नाही, आणि त्याची मला आठवणीपेक्षा जास्त भीती वाटायची.

त्या महिन्यात आत्याने ब्रश साबणाने धुऊन जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात गुंडाळले. राळेची बरणी मला दिली, "तुझ्या प्रयोगशाळेत चालेल." पुढची सहा वर्षं ती पेपर वाचायची, शेजारच्या बेनबरोबर पापड लाटायची, कोणी विचारलं तर सांगायची, "डोळ्यांनीच फसवलं, हाताचा काय दोष." तिचा हात तेव्हा चांगला होता. बांगडी भरताना, सुई ओवताना मी बघत असे. एक रेघ मारली तर केसासारखी आली असती. मी रोज सकाळी तिला डोळ्यात थेंब घालायचो, संध्याकाळी शुगर तपासायचो. सोसायटीत लोक म्हणायचे, असा भाचा मिळायला भाग्य लागतं.

या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत तिने मला वर बोलावलं. चित्र भिंतीवरून उतरवून टेबलाला टेकवलेलं होतं. शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश.

"कॅनव्हास चांगला आहे, जाड," ती म्हणाली. "कलाशाळेतल्या कोणा मुलीला दे. पण असं देऊ नको, पांढरा फासून दे. मला वाकवत नाही, तू फास."

मी डबा उघडला. हे खरं आहे, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातं: मला सुटल्यासारखं वाटलं. दोन हात पांढरा, की काहीच उरणार नव्हतं. मी ब्रश बुडवला, डब्याच्या कडेला टेकवून निथळवला. बाईचा हात अंथरुणाच्या रिकाम्या बाजूवर होता. ती अजून जागीच होत होती.

"आत्या, हे तू असं काढलं नव्हतंस," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

मी सांगितलं. रविवार, दुपार, पाय, वस्त्र, चेहरा. संपल्यावर तिने एकेक विचारायला सुरुवात केली, शाळेत तपासनीस विचारतात तसं.

"कशाने?"

"ॲसिटोनने."

"बोळ्यावर काय आलं?"

"आधी तपकिरी. मग गुलाबी."

"गुलाबी दिसल्यावर थांबलास?"

"नाही."

तिने हात पुढे केला. मी तिला भिंग दिलं. तिने चित्र खिडकीशी न्यायला सांगितलं. ती स्टुलावर बसून चेहऱ्यावरून भिंग इंच इंच फिरवू लागली. कानाच्या पाळीखाली, केसांच्या कडेला, जिथे माझा बोळा पोचला नव्हता, तिथे नखाएवढी जागा राहिली होती. ती तिथे थांबली. मीही वाकून पाहिलं. त्या नखाएवढ्या जागेत रक्त होतं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

"होतं म्हणजे," ती म्हणाली.

तिचा चेहरा क्षणभर इतका उजळला की मला वाटलं ती मला माफ करणार. मग तिने भिंग खाली ठेवलं.

"चित्र एका दुपारी गेलं. ते समजू शकते. घाई, हौस, मूर्खपणा. पण मी रोज सकाळी तुझ्यासमोर चहा पीत होते ना रे? रोज? आणि तू रोज मला गप्प राहून सांगत होतास की माझा हात खोटा आहे."

मी तिचे पाय धरायला वाकलो. "उठ," ती म्हणाली. "पाय दुखतात माझे. आणि तो ब्रश धू, वाळेल."

तीन आठवडे तिने मला वर येऊ दिलं नाही. थेंब बायको घालायची. बायकोने सांगितलं की आत्यांनी अभ्ऱ्यातून ब्रश काढले, बाजारातून राळ मागवली, आणि रोज सकाळी उन्हात बसून गालावर थर द्यायचा प्रयत्न करतात. देतात आणि लगेच फडक्याने पुसतात. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांचा हात आता कापतो. पेला धरतानाही कापतो. सहा वर्षांपूर्वी कापत नव्हता, हे बायको बोलली नाही. ती नुसतं म्हणाली, "आज चार वेळा पुसलं."

मग एक दिवस तिने ब्रश ठेवले आणि मला वर बोलावलं. चित्र पुन्हा भिंतीवर लावायला सांगितलं. आता कोणी आलं की ती स्वतःच सांगते, "चेहरा माझ्या भाच्याने पुसला. हाच तो." आवाज न चढवता. पाहुणे माझ्याकडे बघतात, चहा हातात घेऊन गोंधळतात. पहिल्यांदा मी काहीतरी निमित्त काढून खाली गेलो होतो. आता जात नाही.

गेल्या महिन्यात कलाशाळेतली एक विद्यार्थिनी आली. तिला जुन्या पद्धतीचे थर कसे देतात ते शिकायचं होतं. आत्याने तिला भिंग दिलं आणि कानाखालची जागा दाखवली. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग तिने तोच चेहरा लांबून पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"काका, तुम्हाला रंग निघताना दिसला, तो पण केम थांबला नाहीत?"

का थांबलो नाही, हा प्रश्न आत्याने मला कधी विचारला नव्हता. मी थांबलो नाही एवढंच तिने विचारून घेतलं होतं. ती आता पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "अर्धा गाल साफ आणि अर्धा मळका राहिला असता म्हणून." मग मला ते पुरेसं वाटलं नाही. "हे चित्र माझ्या समोर काढलं गेलं, ताई. त्या लिंबंवाल्या मावशीला चहा मी द्यायचो. पण मी त्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आत्याचं एक जुनं काम भिंतीवर आहे, एवढंच. तिथे ऊब होती हे मला माहीतच नव्हतं. मग मळ कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, ते मला कसं कळणार?"

आत्याने हात पुढे करून मुलीकडून भिंग मागून घेतलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

"मग बघ आता," ती म्हणाली. "सावकाश बघ. हिला मी तोवर राळ कशी विरघळवायची ते दाखवते."